चाळीस सेकंदांची माणसं

काशिराम मास्तरांना जाऊन दोन महिने झाले होते, तेव्हा त्यांच्या नावाने पत्र आलं की, आपल्याकडे पुरेशी माणसं येत नाहीत असं आमच्या निदर्शनास आलं आहे.

कीर्तीने ते दारात उभं राहून वाचलं. खरं तर त्या दोन महिन्यांत बाबांकडे जेवढी माणसं येऊन गेली तेवढी आधीच्या वीस वर्षांत आली नसतील. सोसायटीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या अजून जिन्याखाली रचून ठेवलेल्या होत्या, कारण त्या कुणी परत न्यायच्या यावर निर्णय झाला नव्हता. पण पत्र त्या माणसांबद्दल नव्हतं. मुंबईच्या एका विज्ञान संस्थेने हौशी संशोधकांना आपल्या यंत्रणेवर वेबसाइटसाठी फुकट जागा दिली होती, आणि ती जागा आता तिला परत हवी होती. ‘आपल्या संकेतस्थळाचे तांत्रिक व वाचकविषयक विश्लेषण पंधरा नोव्हेंबरपर्यंत सादर करावे. दरमहा तीनशेहून कमी भेटी असलेली संकेतस्थळे निरुपयोगी समजून बंद करण्यात येतील.’ खाली एक तक्ता, आणि त्याच्याखाली ‘संकेतस्थळधारकाची सही’ अशी रिकामी रेघ.

काशिराम घरत पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. घराणं मिठागरवाल्यांचं. मिठागर गेलं तरी त्याची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार, मोडक्या अवस्थेत बांधावर उभी होती. तिथे त्यांनी एक खांब रोवला, त्यावर रंगाने खुणा केल्या आणि एक्क्याण्णव सालापासून रोज तिथे जाऊन दोन गोष्टी लिहिल्या: पाणी किती वाजता कुठवर आलं, आणि चिखलावर निवट्या किती दिसल्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी, डोक्यावर डोळे असलेली मासळी. तिच्याकडे बघताना आपल्यालाच कुणीतरी बघतंय असं वाटतं. मास्तरांचं आणि तिचं बरं जमत असे.

या नोंदींच्या बावीस वह्या व्हायला हव्या होत्या. चौदा झाल्या, आणि सव्वीस जुलैच्या पुरात त्यांच्या तळमजल्यावरच्या जुन्या घरात पाणी शिरलं. आईने एकेक ओलं पान इस्त्रीने वाळवलं आणि बाबांनी ते लगोलग कॉम्प्युटरवर उतरवलं. उतरवून होईपर्यंत पानांनी कसाबसा दम धरला, मग त्यांचा भुगा झाला. तेव्हापासून जे होतं ते त्या वेबसाइटवर होतं.

कीर्तीचा मावसभाऊ कल्पेश करंजाड्याला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्याने येऊन दहा मिनिटांत सगळी वेबसाइट एका सीडीवर उतरवली. “झालं ताई, काळजी मिटली.” कीर्तीने सीडी बाबांच्या कपाटात त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवली, आणि तिच्या लक्षात आलं की ती आता नेमकी चष्म्याइतकीच सुरक्षित आहे. कीर्ती कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची. कुणी न मागितलेलं पुस्तक कपाटात काय होऊन बसतं हे तिला बाहेरून कुणी सांगायला नको होतं. साइट उघडी राहायला हवी होती. विश्लेषण करायचं ठरलं.

विश्लेषणासाठी आकडे हवेत, आकड्यांसाठी बाबांच्या खात्यात शिरायला हवं, आणि पासवर्ड बाबांबरोबर गेलेला. कल्पेश म्हणाला, चिंता नाही, ते एक खासगी प्रश्न विचारतात, उत्तर दिलं की दार उघडतं. प्रश्न आला: आपली आवडती मासळी कोणती?

“जिताडा,” कीर्ती म्हणाली. पडद्याने नकार दिला.

“जिताडा तुला आवडतो,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुझ्यासाठी आणायचे. त्यांचे बोंबील.”

बोंबीलही नाहीत. एव्हाना शेजारचे चारुदत्तकाका आत येऊन उभे राहिले होते. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सेक्रेटरी. यंत्रासमोर कुणी अडलेलं त्यांना भिंतीपलीकडून कळत असे. “कोळंबी,” ते म्हणाले. “माझ्याकडे तीनदा जेवलेत मास्तर. तिन्ही वेळा कोळंबी मागून घेतली.”

“तुमच्याकडे दुसरं काही असतं का, काका?” कल्पेश म्हणाला, पण तोवर काकांनीच बटण दाबलं होतं. तीन प्रयत्न चुकले म्हणून चोवीस तास दार बंद झालं.

ते चोवीस तास घरात वाईट गेले. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या ताटात वाढलं त्याची आवड आपल्याला माहीत नाही हे आईला लागलं होतं. ती न बोलता भांडी आपटत होती, आणि मध्येच थांबून म्हणत होती, “बोंबीलच. त्या यंत्राला काय कळतंय.” दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती पोळी लाटता लाटता थांबली. “पूर्वी निवट्यांचं कालवण आवडीने खायचे. मोजायला लागल्यापासून सोडलं. म्हणाले, ज्यांची रोज हजेरी घेतो त्यांना खाऊ कसा.”

निवटी लिहिल्यावर दार उघडलं. पोळी तव्यावर करपली.

आत आकडे होते. ऑक्टोबर महिना: भेटी दोनशे सत्त्याऐंशी. म्हणजे मास्तर तेरा भेटींनी नापास. पण खरा मार त्याखालच्या रकान्यात होता. “एकोणनव्वद टक्के लोक एकच पान बघून निघून जातात,” कल्पेशने समजावलं. “सरासरी चाळीस सेकंद थांबतात. याला वाईट साइट म्हणतात, ताई. म्हणजे शास्त्रात.” शिवाय ही माणसं यायची कधी, तर आज पहाटे पाचला आली तर उद्या सहाला दहा कमी असताना, परवा पावणेसातच्या सुमारास. रोज पन्नासेक मिनिटं पुढे. “माणसं अशी येत नाहीत. हे कुठलं तरी मशीन फिरतंय.” आणि राहिलेल्यात एकजण रोज चार वाजता यायचा आणि तासभर हलायचाच नाही. “हा चालू ठेवून झोपत असेल,” कल्पेश म्हणाला.

बावीस वर्षांच्या कामाला वाचक म्हणून एक मशीन आणि एक झोपाळू माणूस. कीर्तीने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात काही कारण नसताना शिपायावर चिडली.

दरम्यान तिने संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय सौजन्याने बोलल्या.

“अहवालावर धारकांची सही लागेल.”

“ते वारलेत. मी मुलगी बोलतेय.”

“अरेरे. मग त्यांचं तसं पत्र जोडा.”

“कसं पत्र?”

“की मला सही करणं शक्य नाही, माझ्या वतीने मुलगी करील.”

“ते त्यांना आधी सुचलं नाही,” कीर्ती म्हणाली.

“हो का,” बाई म्हणाल्या. “मग धारक बदलण्याचा अर्ज करावा लागेल. त्या अर्जावर सध्याच्या धारकांची सही लागते.”

हे सगळं चारुदत्तकाकांच्या कानावर जाणं अटळ होतं. गेलं. दिवाळीचा चौथा दिवस होता. मास्तरांच्या घरी यंदा फराळ करायचा नव्हता, म्हणून बाकीच्या सत्तावीस बिऱ्हाडांनी आपापला फराळ आणून दिला होता आणि डायनिंग टेबलावर चकल्यांचे नऊ वेगवेगळे प्रकार वाळत पडले होते. काका त्यातली एक मोडत म्हणाले, “माणसं येत नाहीत म्हणतात ना? नीलसागर सोसायटीत काय माणसं कमी आहेत?”

“काका, ते अभ्यासकांबद्दल—”

“तू बाजूला बस. तेरा भेटींचा प्रश्न आहे. याहून मोठे प्रश्न आपण पाण्याच्या टाकीच्या वेळी सोडवलेत.”

संध्याकाळी जिन्यात नोटीस लागली. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, कै. काशिराम मास्तर यांच्या वेबसाइटला प्रत्येक सदनिकेतून सकाळी दोन व संध्याकाळी दोन अशा एकूण चार भेटी देण्याचे ठरले आहे. भेट दिल्यावर वॉचमनच्या केबिनमधील वहीत सही करावी. भाडेकरूंनाही हे लागू आहे.’

नीलसागर सोसायटीतून सागर दिसत नाही, पण नोटिशीचं पालन मात्र होतं. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता ते शेजारी गेले. तळमजल्याच्या सखूबाईंनी कीर्तीला जिन्यात अडवून हळू आवाजात विचारलं, “गेल्यावर किती वेळ बसायचं गं? लगेच उठलं तर बरं दिसत नाही.” मास्तरांच्या घरी त्या दीड तास बसल्या होत्या. बहुतेकांना तोच प्रश्न पडला असावा, कारण नुसतं बघून परत येणं लोकांच्या जिवावर येऊ लागलं आणि पानाच्या तळाला अभिप्रायाची जागा आहे असा शोध लागला. निवट्यांच्या विणीच्या हंगामावरच्या लेखाखाली अभिप्राय पडू लागले. ‘फार मोठा आधार गेला.’ ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ ‘आम्ही सर्व तुमच्या दुःखात सहभागी आहोत, बी विंग.’

नवव्या दिवशी काकांनी वहीतल्या सह्या मोजल्या. एक हजार सात. त्यांचे डोळे भरून आले. “मास्तर आज असते तर,” ते म्हणाले. मास्तर असते तर त्यांनी वही हातात घेऊन पहिलं काय विचारलं असतं हे कीर्तीला पक्कं माहीत होतं: यातल्या खऱ्या किती? पण तिने तो प्रश्न विचारला नाही. तेरा भेटी कमी पडत होत्या आणि तिला साइट हवी होती.

चौदा नोव्हेंबरला साइट बंद झाली. सोबत ईमेल.

इथे एक तांत्रिक बाब सांगणं भाग आहे. नीलसागर सोसायटीत इंटरनेट होतं ते गल्लीतल्या केबलवाल्याचं. त्याने एकच कनेक्शन घेऊन गच्चीवरच्या डब्यातून अठ्ठावीस घरांत वायरी सोडल्या होत्या. म्हणजे घरं अठ्ठावीस असली तरी इंटरनेटवर बाहेर पडायला सगळ्यांना दार एकच, आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळी इमारत मिळून एकच माणूस दिसायचा. हे कल्पेशला माहीत होतं. पण नोटिशीबद्दल त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ती फक्त सभासदांसाठी होती.

संस्थेने लिहिलं होतं: ‘संकेतस्थळधारक ज्या पत्त्यावरून नोंदी करीत आले, त्याच एका पत्त्यावरून नऊ दिवसांत एक हजार सात वेळा भेट देण्यात आली आहे. यावरून धारकाने स्वतःच भेटींची संख्या कृत्रिमरीत्या फुगविल्याचे स्पष्ट होते. तसेच धारकाने सदर कालावधीत स्वतःस एकवीस वेळा श्रद्धांजली वाहिली असून, हे संस्थेच्या नियमांत बसत नाही.’

कीर्ती पहिल्यांदा हसली. मग पुन्हा वाचताना तिला ‘फुगविल्याचे’ हा शब्द दिसला. बावीस वर्षांत ज्या माणसाने एक निवटी जास्त लिहिली नव्हती, ‘अंधुक दिसलं, अडतीस किंवा एकोणचाळीस’ असं लिहून ठेवलं होतं, त्याच्या नावावर आता एक हजार सात खोट्या भेटी लागल्या होत्या. आणि त्या लावायला ती घरातच बसून होती, नऊ प्रकारच्या चकल्यांसमोर.

चारुदत्तकाका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. नोटीस कुणीतरी काढली. वही वॉचमनने दुधाच्या हिशोबाला घेतली.

त्रिपुरी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काष्ट्याचं लुगडं नेसलेली, साठीची एक बाई उभी होती. पाय गुडघ्यापर्यंत सुकलेल्या चिखलाने राखाडी झालेले, काखेत रिकामी पाटी.

“काशिराम मास्तरांचं घर ह्येच?”

“हो, पण बाबा—”

“गेले, ठाव हाय. बाराव्याला आलतू आमी, तुमच्या खाली मंडपात बसलो व्हतो. मी मैना, बेलपाड्याची.” तिने पाटी खाली ठेवली पण आत आली नाही. “मास्तरांचा टाइम कुनी बंद केला?”

“कसला टाइम?”

“मोबाईलवरचा. भरतीचा टाइम. माझी सून रंजिता चिखलात उतरायच्या आदी बघते नि आळीत वरडून सांगते. चार दिस झाले, पांढरं पान येतंय. काल उधान व्हतं. माझी जाव चिखलात खेकडं धराया गेली, अंदाजानं. पानी पाऊन तास आदी आलं. छातीपातुर पान्यात हुबी राहिली, उघाडीचा खांब धरून.”

“कुठला खांब?”

“तुमच्या बापाचा. लाल रंगाचा. त्यो व्हता म्हून हाय ती.”

आई मागे येऊन उभी होती. कीर्तीने विचारलं, तुम्हाला तर तिथीवरून भरती कळते ना, पिढ्यान् पिढ्या.

“कळायची. भराव घातला, पूल बांदलं, तवापासनं पानी कुठून वाट काढतंय त्याचं त्यालाच ठाव नाय. मुंबयचा टाइम पेपरात येतो, त्यो हितं चालत नाय. मास्तरांनी बसून हितला टाइम काढला. आमाला सांगितलं, मी असो नसो, वर्सभराचा टाकून ठेवलाय. आनि तुमी बंद केला.”

कीर्ती खुर्चीवर बसली. रोज पन्नास मिनिटं पुढे सरकणारं मशीन. तिला ते कागदावर दिसलं होतं, बोट ठेवून कल्पेशने दाखवलं होतं. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते हे तिला सहाव्या वर्षी पाठ होतं. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून ती ते शिकली होती. बावीस वर्षं भरती मोजणाऱ्याच्या मुलीला आकड्यांमध्ये भरती ओळखता आली नव्हती.

“चहा घे,” आई मैनाला म्हणाली. “पाय राहू दे तसेच, आत ये.”

पुढच्या सोमवारी चारुदत्तकाकांनी प्रायश्चित्त म्हणून आपली गाडी काढली आणि तिघं संस्थेत गेली. काका चालवत होते, मैना पुढे बसली होती आणि मानखुर्दपर्यंत काकांना रस्ता चुकल्याचं सांगत होती. तो चुकला नव्हता.

संस्थेत त्यांना धर्मराज नावाच्या अधिकाऱ्यांसमोर बसवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी काकांचं केबलवायरीचं स्पष्टीकरण पूर्ण ऐकून घेतलं, जे टेलिफोनच्या शोधापासून सुरू झालं. मग म्हणाले, “ठीक आहे, त्या हजार भेटी बाजूला ठेवू. पण आधीचं बघा. एकोणनव्वद टक्के लोक चाळीस सेकंदांत बाहेर पडतात. एकही दुसरं पान उघडत नाहीत. मजकुरात त्यांना रस नाही असाच याचा अर्थ होतो.”

मैनाला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण चाळीस सेकंद कळले.

“मंग काय, सायब,” ती म्हणाली, “पानी चढत असताना तिथं बसून वाचीत राहू?”

धर्मराजांनी चष्मा काढला.

“घड्याळ बघायला तुमाला किती येळ लागतो? त्येच्यासमोर बसता काय तासभर?”

“पण बाई, रोज माणसं नऊच येतात.”

“नऊ मोबाईल हायत. मान्सं मोजाया आळीत या. पहाटं या, म्हंजे भेटतील.”

धर्मराजांनी आकड्यांचं पान पुन्हा वर-खाली केलं, वेळांच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि त्यांचं बोट तिरक्या रेषेत खाली सरकत गेलं. त्यांना ते कीर्तीपेक्षा लवकर दिसलं. तिला त्याचं वाईट वाटलं, आणि बरंही.

“नियम माझ्या हातात नाही,” ते म्हणाले. “महिनाभर साइट उघडतो. डिसेंबरअखेर नवीन विश्लेषण द्या. घरच्या भेटी वगळून. आणि हे भरतीचं कोष्टक एकतीस डिसेंबरला संपतंय. पुढे?”

“मी करीन,” कीर्ती म्हणाली. कसं करायचं हे तिला माहीत नव्हतं.

त्या महिन्यात ती रोज कॉलेजला जायच्या आधी पहिल्या बसने खाडीवर गेली. मुंबई बंदराच्या छापील वेळा, मुंबईनंतर पाणी इथे किती वेळाने येतं त्याचा बाबांचा ‘उशीर’ नावाचा तक्ता आणि लाल खांब, असं मिळून गणित होतं. गणित येत होतं. खांबावरची खूण आणि पाण्याची लाट यात पाणी नेमकं कुठे आहे हे ठरवताना मात्र तिची धांदल उडत असे. मैना बांधावर बसून निकाल द्यायची. “धा मिन्टं चुकलं.” दुसऱ्या दिवशी, “पाच.” एकदा नुसतीच मान हलवली, आणि ती कुठल्या दिशेला हलली हे कीर्तीला बसमध्ये बसल्यावरही ठरवता आलं नाही. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. ग्रंथालयात तिच्या टेबलाखाली राखाडी माती सापडू लागली आणि शिपायाने, आधीचा राग मनात धरून, ती झाडली नाही. पण अठ्ठावीस तारखेला जानेवारीचं कोष्टक साइटवर चढलं.

मग विश्लेषण. कल्पेशने आकडे काढले. डिसेंबरच्या भेटी: तीनशे अठरा.

“सुटलो,” तो म्हणाला. “फक्त घरच्या वगळायच्या. सोसायटीच्या दारातून आलेल्या. या चौकटीत खूण केली की त्या गळतात.” त्याने यादी उघडली. “आता कुणी नाहीच तसं. तो एक झोपाळू माणूस सोडला तर. चार वाजताचा.” त्याने पत्त्याचा रकाना पुन्हा बघितला. “हा तुमच्याच इमारतीतला आहे, ताई. रोज. एक दिवस चुकला नाही.”

घड्याळात चार वाजायला आले होते. आतल्या खोलीत कॉम्प्युटर सुरू होण्याचा आवाज आला.

बाबा सांगून गेले होते की खाडीची हवा दमट, कॉम्प्युटर रोज तासभर चालू ठेव, नाहीतर जाईल. आई तो चालू ठेवते हे कीर्तीला माहीत होतं. दिवा लावावा तसा लावत असेल, असं तिला वाटलं होतं. ती दारात जाऊन उभी राहिली. आई खुर्चीत पुढे वाकून, एक बोट पडद्यावर ठेवून वाचत होती.

“आई, तू हे वाचतेस?”

“मग? पहिल्यापासून.” आईने मान वळवली नाही. “इस्त्री करत होते तेव्हा वाचायला वेळ कुठे होता. पान जळेल इकडेच लक्ष. आता सत्त्याण्णवपर्यंत आलेय. रोज थोडं थोडं. घाई कसली.” मग थोड्या वेळाने, “तुझ्या टायफॉइडच्या वेळी सोळा दिवस गेलेच नाहीत हे. नुसत्या तारखा लिहिल्यात आणि पुढे रेघ.”

कीर्ती बाहेर आली. चौकटीत खूण केली तर एकतीस भेटी गळणार होत्या. तीनशे अठरातून एकतीस. कल्पेशने ती वजाबाकी आधीच केली होती आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला होता.

“ताई, कुणाला कळणार नाही,” तो म्हणाला. “एका घरातलं एक माणूस. आणि वाचणारं तेवढंच एक आहे.”

ते खरं होतं. बावीस वर्षांची सगळी साइट पहिल्या पानापासून वाचणारं जगात एकच माणूस होतं, आणि विश्लेषणाच्या दृष्टीने ते धरायचं नव्हतं.

कीर्तीने खूण केली. दोनशे सत्त्याऐंशी. आकडा नेमका ऑक्टोबरचाच आला. एवढ्या खटाटोपातून खाडी जागची हलली नव्हती. शेऱ्याच्या जागी तिने चार ओळी लिहिल्या: भेटींच्या वेळा भरतीनुसार सरकतात, कोष्टक सोबत जोडले आहे. भेट देणारे चाळीस सेकंदांत जातात, कारण त्यांना तेवढेच काम असते. नऊ मोबाईलवर सुमारे सत्तर माणसे अवलंबून आहेत. हा आकडा आळीत जाऊन मोजलेला आहे. संख्या तीनशेहून तेराने कमी आहे. खाली, धारकाच्या रेघेवर, ‘करिता’ लिहून तिने सही केली. धारक बदलण्याचा अर्जही, सध्याच्या धारकाच्या सहीची जागा रिकामी ठेवून, सोबत जोडला.

उत्तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. पाकिटावर नाव होतं श्री. काशिराम घरत. ‘महोदय, आपला अहवाल मिळाला. आपल्या संकेतस्थळास विशेष बाब म्हणून एक वर्ष मुदतवाढ देण्यात येत आहे. धारक बदलण्याच्या अर्जावर आपली सही नसल्याने तो विचारात घेता आला नाही. तरी आपण आपल्या नोंदी पूर्वीप्रमाणेच नियमितपणे चालू ठेवाव्यात.’

चारुदत्तकाकांनी ते जिन्यात लावायला मागितलं. कीर्तीने दिलं नाही. आईने दोनदा वाचलं, घडी घातली आणि कपाटात ठेवलं, सीडी आणि चष्म्याच्या शेजारी. “बरं झालं,” ती म्हणाली. “त्यांना कुणीतरी चालू ठेवायला सांगितलं.”

भरतीच्या वेळा महिनाभर चढत होत्या, पण निवट्यांचा रकाना ऑगस्टपासून रिकामा होता. त्याला हात लावायचं कीर्तीला धाडस झालं नव्हतं. त्या रविवारी ती ओहोटीला खांबाजवळ उकिडवी बसली आणि तिने मोजल्या. त्या उड्या मारत होत्या, बिळात जात होत्या, परत येत होत्या. मोजलेली कोणती आणि राहिलेली कोणती ते कळत नव्हतं. मैना तिच्याकडे बघत तंबाखू मळत होती आणि एकदाच म्हणाली, “मास्तर हसायचे मोजताना.” घरी येऊन कीर्तीने बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं: ‘ओहोटी स. ९.४०. निवट्या १७. मोजणारी नवीन आहे.’

चार वाजता आतला कॉम्प्युटर सुरू झाला. ती भेट आता कुठल्याच रकान्यात पडत नव्हती. कीर्ती बाहेर भाजी निवडत बसली होती. आई आज सत्त्याण्णव सोडून एकदम खाली शेवटाला गेली असावी, कारण आतून माउसचं चाक फिरवल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

“सतरा?” आई आतून म्हणाली. “ह्यांच्या वेळी थंडीतसुद्धा तीसच्या खाली आल्या नाहीत कधी.”

कीर्तीने भाजीची जुडी खाली ठेवली.

“उद्या परत जा,” आई म्हणाली. “नीट मोज.”